थांबलेल्या यंत्राची जबानी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

१९ जुलै २०२४चा शुक्रवार आठवून पाहा. त्या दिवशी जगभरातले सुमारे ८५ लाख संगणक एकाएकी निळे पडले. विमानं जमिनीवर राहिली, रुग्णालयांतल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या, आणि आपल्या देशात काही प्रवाशांच्या हातात चक्क पेनाने लिहिलेले बोर्डिंग पास पडले. हल्ला कुणी केला नव्हता. क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा-प्रोग्रॅमसाठी आलेली एक सदोष फाइल, एवढंच कारण. हा प्रोग्रॅम संगणकाच्या गाभ्यात बसून काम करतो. तो चुकला, तो गाभ्याला घेऊनच कोसळला. दुरुस्ती कशी, तर कित्येक ठिकाणी माणसाने एकेका यंत्रापाशी जायचं आणि ती फाइल हाताने पुसायची.

त्या गाभ्याला कर्नल म्हणतात. फौजेतल्या कर्नलशी याचं नातं नाही, मराठीत लिहिताना दोघे सारखे दिसतात इतकंच. बदाम फोडल्यावर आत निघते ती बी, असा त्याचा मूळ अर्थ. बाहेरच्या कवचाला 'शेल' आणि आतल्या बीला 'कर्नल', अशी नावं संगणकवाल्यांनी खरोखरच दिली आहेत. आपण पडद्यावर जे जे पाहतो ते सगळं बाहेरचं. आत कर्नल बसून वाटप करत असतो: कोणत्या प्रोग्रॅमला किती मेमरी, प्रोसेसरचा किती वेळ, कार्डावर कुणी कुठे लिहायचं. चाळीतल्या सार्वजनिक नळावर नंबर लावून देणारी एखादी खमकी बाई असते ना, तसं त्याचं काम. एका प्रोग्रॅमने गोंधळ घातला तर एकाची बादली सांडते. ती बाईच भोवळ येऊन पडली, तर सगळ्या चाळीचं पाणी अडतं.

मोठ्या संगणकांचं पडणं बातमीत येतं. मला बोलायचं आहे ते तळहाताएवढ्या संगणकाच्या पडण्याबद्दल. 'रास्पबेरी पाय' हे नाव पुष्कळांच्या घरातल्या मुलांना ठाऊक असेल. इंग्लंडमधल्या केंब्रिजचे एबेन अप्टन आणि त्यांचे सहकारी यांनी तो घडवला आणि २९ फेब्रुवारी २०१२ रोजी विक्रीला आणला. किंमत ३५ डॉलर, आकार बँकेच्या कार्डाएवढा. मुलांनी स्वतः प्रोग्रॅम लिहायला शिकावं, मोडलं तरी आईबापांनी कपाळाला हात लावू नये, हा हेतू. एकाच हिरव्या पट्टीवर सगळा संगणक. याला डिस्क नाही, पंखा नाही, पेटीही नाही. कॅमेऱ्यात घालतो तसलं मेमरी कार्ड हीच त्याची वही, आणि मोबाइलसारखी ५ व्होल्टची वीज हा त्याचा आहार. आत चालतं ते लिनक्स, म्हणजे हेलसिंकीत शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली लिहायला घेतलेला कर्नल.

मराठी घेऊन बी.ए. झालेला, कविता करणारा माणूस या भानगडीत कसा आला, तेही सांगतो. आमच्या नायगावात बीडीडी चाळींच्या पुनर्विकासाचं काम निघालं, तसं माळ्यावरचं सामान खाली यायला लागलं. एका परिचित शाहिरांच्या घरून पत्र्याचा एक डबा निघाला. त्यात ४१ कॅसेट. शाहिरांना जाऊन बरीच वर्षं झाली. गणपतीतले कार्यक्रम, गेटसभा, १९८२च्या गिरणी संपाच्या दिवसांत म्हटलेले पोवाडे, सगळं त्या डब्यात. त्यांच्या पत्नीने डबा माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "भाई, यांचा आवाज तेवढा काढून द्या. बाकी मला काही नको."

जुन्या कॅसेटचं एक दुखणं असतं. फितीवरचा तपकिरी लेप सुटत चाललेला असतो. प्रत्येक वेळी वाजवली की थोडा लेप टेपच्या डोक्यावर घासून जातो आणि त्याबरोबर थोडा आवाजही. काही फिती एकदाच धड वाजतील अशा अवस्थेत असतात. शिवाय यात घाई चालत नाही. ६० मिनिटांची फीत उतरवायला ६० मिनिटंच लागतात. शेजारचा एक मुलगा, इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेला, म्हणाला, "काका, यासाठी मोठा कॉम्प्युटर कशाला? पंख्याची घरघर येईल." त्याने आपला पाय आणला, कॅसेट प्लेअर जोडला, आवाज आकड्यांत बदलणारं एक छोटं साउंड कार्ड लावलं आणि साठवणीसाठी एक जुनी बाहेरची हार्ड डिस्क. उत्तम प्रतीचा आवाज मिनिटाला सुमारे १० मेगाबाइट जागा खातो, म्हणजे ३० मिनिटांच्या एका बाजूला ३०० मेगाबाइट. मेमरी कार्डावर सतत लिहीत राहिलं तर ते झिजतं, म्हणून त्याने अशी योजना केली की बाजू संपेपर्यंत आवाज संगणकाच्या मेमरीत राहावा आणि संपली की एकदम डिस्कवर उतरावा.

पहिल्या काही फिती उतरल्या. मग एका रात्री बाजू संपली, टेपची कळ खट्‌कन वर आली आणि पडद्यावर पांढऱ्या अक्षरांच्या ओळीच ओळी. सर्वांत खाली चार शब्द: 'कर्नल पॅनिक', आणि पुढे 'नॉट सिंकिंग'.

मला त्यातलं कळलं नव्हतं तोवर मला ती शिवी वाटली. कळल्यावर त्या मजकुराबद्दल आदर वाटू लागला. 'सिंक करणं' म्हणजे मेमरीत धरून ठेवलेलं कार्डावर किंवा डिस्कवर नीट उतरवणं. कर्नल इथे सांगतो आहे, की माझ्याच हिशेबात मला न जुळणारं काही सापडलंय. आता माझ्या हातातला मजकूर खरा की खोटा याची मला खात्री नाही. म्हणून मी तो डिस्कवर लिहीत नाही. मी थांबतो.

हे मी आमच्याकडच्या एका निवृत्त साचेवाल्यांना सांगितलं. साचा म्हणजे गिरणीतला माग, हे नव्या पिढीसाठी सांगायला हवं. ते लगेच म्हणाले, "मग यात नवल काय? धोट्यातलं सूत तुटलं की साचा आपोआप उभा राहायचा." खरंच आहे. आडवा धागा तुटूनही साचा चालत राहिला तर वारभर कापड बिघडेल. म्हणून धागा चाचपणारा एक काटा लावलेला असतो, आणि त्याला धागा लागला नाही की साचा बंद. नवख्याला वाटतं यंत्र बिघडलं. जाणत्याला कळतं की यंत्राने कापड वाचवलं. आमचंही तेच झालं. त्या रात्रीची ३० मिनिटं गेली, पण डिस्कवर आधी उतरलेल्या फितींना धक्का लागला नाही. गडबडलेला कर्नल तसाच रेटून लिहीत बसला असता तर त्या फितींवरही रेघोट्या मारून ठेवल्या असत्या.

'पॅनिक' हा शब्द १९७०च्या आसपासचा, बेल लॅबमधल्या युनिक्सवाल्यांचा. त्याआधीच्या मल्टिक्स नावाच्या अवाढव्य प्रणालीत संकटातून सावरण्यासाठीच ढीगभर मजकूर लिहिलेला होता. युनिक्सच्या मंडळींनी तो सगळा गाळला आणि 'पॅनिक' नावाचा एक लहानसा तुकडा ठेवला. तो चालला की यंत्र थांबणार आणि कुणीतरी उठून ते पुन्हा चालू करणार. मराठीत याला काय म्हणावं? घाबरणं, गांगरणं, भेदरणं, हे सगळे शब्द मी लावून पाहिले. एकही बसत नाही, कारण भेदरलेला माणूस धावत सुटतो आणि हा तर जागच्या जागी थांबतो. आमच्या भागातला शब्द घ्यायचा तर 'संप' जास्त जवळचा. पण भाषेचा प्रश्न बाजूला ठेवू.

आता थांबलेल्या यंत्राकडून जबानी कशी घ्यायची? पहिली अडचण अशी, की कर्नलने लिहिणंच थांबवलेलं असतं, म्हणून शेवटच्या ओळी नोंदवहीत बहुधा सापडत नाहीत. वीज काढून पुन्हा लावली की पुरावा गेला. म्हणून वीज काढण्याआधी पडद्याचा फोटो घ्यावा. संगणक रंगीत खिडक्यांच्या अवस्थेत असेल तर ओळी दिसणारही नाहीत, नुसतं चित्र गोठलेलं दिसेल. तेव्हा तपास चालू असेपर्यंत तो साध्या अक्षरांच्या पडद्यावरच चालवावा. २०२४ साली आलेल्या लिनक्सच्या नव्या आवृत्त्यांत अशा वेळी नीट वाचता येईल असा पडदा दाखवायची आणि मोबाइलने टिपता येईल असा चौकोनी क्यूआर कोड उमटवायची सोय झाली आहे. पण ती प्रत्येक यंत्रावर चालतेच असं नाही.

फोटोवरून एक गंमत आठवली. २०१५च्या फेब्रुवारीत 'पाय २' हे नवं मॉडेल बाजारात आलं आणि लोकांच्या लक्षात आलं, की चालू पट्टीचा फोटो फ्लॅश टाकून काढला की ती पटकन बंद पडते! लोकांना थट्टा वाटली. कारण निघालं ते असं: वीज सांभाळणारी एक चिमुकली चिप जागा वाचवण्यासाठी जवळजवळ उघडीच बसवली होती. झेनॉन फ्लॅशचा प्रखर झोत तिच्यावर पडला की प्रकाशामुळे तिच्यातले इलेक्ट्रॉन हलायचे आणि तिचा हिशेब चुकायचा. ज्या प्रकाशविद्युत परिणामाच्या उलगड्यासाठी आइन्स्टाइनना नोबेल मिळालं, तोच हा. मोबाइलच्या साध्या एलईडी दिव्याने हे होत नव्हतं. उपाय काय, तर त्या चिपवर भिंतीला कागद चिकटवायच्या मऊ पुट्टीचा गोळा दाबायचा. संगणक बंद पडण्याची इतकी काव्यात्म कारणं क्वचित मिळतात.

फोटोपेक्षा पक्की रीत म्हणजे तीन तारा. पट्टीच्या कडेला ४० पिना असतात. त्यांतली सहावी जमिनीची, आठवीतून पाय बोलतो, दहावीतून ऐकतो. या तिन्ही दुसऱ्या संगणकाला योग्य जोडणीने लावल्या की पहिल्याचा कर्नल जे जे पुटपुटतो ते दुसऱ्यावर नोंदलं जातं. पहिला मेला तरी त्याची जबानी दुसऱ्याकडे राहते. मात्र जोडणी ३.३ व्होल्टची हवी. ५ व्होल्टची लावली तर पट्टी कायमची जाऊ शकते.

जबानी वाचतानाची पहिली शिस्त वरून खाली वाचण्याची. माणूस साहजिकच शेवटची ओळ धरून बसतो. पण पॅनिकच्या आधी बहुतेकदा एक 'ऊप्स' येते. कर्नलची ही लहान ठेच. दोषी प्रोग्रॅमला काढून टाकून तो लंगडत पुढे जातो, आणि मग त्या ठेचेपायी आणखी ठेचा. पहिली ऊप्स कामाची, पुढच्या तिच्या सावल्या. त्याखाली येते ती कर्नलच्या आत कोण कुणाला हाक मारत होतं याची उतरंड. ती आपल्याला समजायची नाही. तिची आपल्याला गरज आहे ती फक्त ताडून पाहण्यापुरती, दोन वेळच्या उतरंडी शेजारी ठेवून.

साऱ्या तपासाची किल्ली इथे आहे. प्रत्येक वेळी उतरंड तीच असेल, त्याच जागी यंत्र पडत असेल, तर दोष बहुधा प्रोग्रॅमचा. प्रोग्रॅम चुकतो तो ठरल्या जागी चुकतो. पण आज एक नाव, उद्या दुसरं, परवा भलतंच, असं असेल तर प्रोग्रॅमला दोष देण्याआधी वीज, कार्ड आणि मेमरी तपासावी. आमच्या चार रात्रींच्या चार जबान्या आम्ही वहीत उतरवल्या. चारही वेगळ्या. एकीत फाइली सांभाळणाऱ्या भागाचं नाव, दुसरीत वायफायचं, तिसरीत भलतंच काही. सारखी होती एकच गोष्ट, आणि ती पडद्यावर नव्हतीच. दर वेळी यंत्र पडलं ते बाजू संपताक्षणी.

बाजू संपली की होतं काय? अर्धा तास झोपलेली हार्ड डिस्क जागी होते आणि तिची तबकडी फिरायला लागते. थांबलेला झोपाळा हलवायला पहिला रेटा मोठा लागतो, तशी या क्षणी डिस्कला वीज जास्त लागते. आता साधा गुणाकार करू. आपली वीज ५ व्होल्टची. चार्जरची तार बारीक असेल तर तिचा जायचा-यायचा मिळून अडथळा समजा पाव ओहम. पट्टी १ अँपियर घेत असताना तारेतच पाव व्होल्ट जातो, पट्टीला मिळतात ४.७५. चालतं. डिस्क उठली आणि मागणी २ अँपियरवर गेली की तारेत अर्धा व्होल्ट जातो, उरतात ४.५. आणि पायची धोक्याची रेघ आहे ४.६३ व्होल्टवर. त्याखाली प्रोसेसर आणि मेमरी काय वाचतील, काय लिहितील, याचा भरवसा नाही. आकडा बदलतो, कर्नलला तो जुळत नाही, आणि जो भाग त्या क्षणी काम करत असेल त्याचं नाव जबानीत येतं. चोर तारेत, नाव भलत्याचंच.

पायमध्ये हे कळायची सोय आहे, पण पाहणारा हवा. वीज कमी पडली की पडद्याच्या कोपऱ्यात पिवळ्या विजेची खूण चमकते. लाल दिवा लुकलुकतो. नोंदींमध्ये 'अंडर-व्होल्टेज' अशी ओळ पडते. शिवाय पायला एका आज्ञेने विचारता येतं, की चालू केल्यापासून तुझी वीज कधी कमी पडली होती का. उत्तर शून्य आलं तर नाही, दुसरा कोणताही आकडा आला तर काहीतरी घडून गेलंय. कपाटापलीकडे ठेवलेल्या यंत्राकडे रात्री कोण बघत बसतो? तीन तारा जोडल्यावर पाचव्या रात्री ती ओळ पॅनिकच्या किंचित आधी सापडली. शेजारचे एक निवृत्त वायरमन मीटर घेऊन आले. त्यांच्या मीटरचा आकडा झर्रकन खाली जाऊन वर यायचा. ४.६ की ४.५, डोळ्याला पकडता येईना. कर्नलच्या जबानीशिवाय नुसत्या मीटरवर आमचं एकमत झालं नसतं.

इलाज स्वस्त निघाला. 'पाय ४'साठी ५.१ व्होल्ट, ३ अँपियरचा, जाड तारेचा अडॅप्टर घेतला. मोबाइलच्या चार्जरवर '३ अँपियर' लिहिलेलं असतं, पण सोबतची तार कुठली आहे ते कोण पाहतो? दुसरं म्हणजे डिस्कला तिची स्वतंत्र वीज दिली. 'पाय ४'च्या चारही यूएसबी खाचांना मिळून १.२ अँपियरच मिळतात. फिरत्या डिस्कला उठताना त्यातले किती लागतील हा जुगार खेळूच नये, वेगळ्या विजेचा हब लावावा. आणि आवाज आता मेमरीत साठून न राहता थोडा थोडा डिस्कवर उतरतो, म्हणजे डिस्क झोपतच नाही. हे तिन्ही उपाय एकाच दिवशी करायचा त्या मुलाचा बेत होता. वायरमननी अडवलं. एका वेळी एक बदल, आणि दर बदलानंतर दोन रात्री वाट. नाहीतर बरं वाटल्यावर कोणत्या औषधाने वाटलं ते कळत नाही. तपासासाठी अर्थात शाहिरांची फीत लावली नाही. बाजारात मिळणारी कुठलीतरी गाण्याची कॅसेट वाजत राहिली.

विजेनंतरचा संशयित म्हणजे मेमरी कार्ड. १२ ऑक्टोबर २०२० ची सकाळ मुंबईकरांना आठवत असेल. दहाच्या सुमाराला ग्रिड कोसळलं, साऱ्या मुंबईची वीज गेली आणि लोकल जागच्या जागी थांबल्या. अशी वीज अचानक जाते तेव्हा कार्ड काहीतरी लिहीत असेल तर तो तुकडा अर्धवट राहतो. कार्डाच्या आतला छोटा कारभारी मजकूर सतत इकडून तिकडे हलवत असतो, त्यामुळे कधीकधी ज्याला कुणी हात लावला नव्हता असा जुना मजकूरही बिघडतो. मग पुढच्या वेळी चालू करताना कर्नल म्हणतो, की मूळ फाइलप्रणाली मला जोडता येत नाही, आणि कंसात दोन आकडे देतो. ते १७९ आणि २ असतील तर कार्ड त्याला दिसतंय, त्यातला दुसरा भाग वाचता येत नाहीये. दोन्ही शून्य असतील तर ते साधनच त्याला ओळखू आलेलं नाही. पडदा जोडलेलाच नसेल तर हिरव्या दिव्याकडे पाहावं. तो चारदा लुकलुकून थांबत असेल तर सुरुवातीची फाइल सापडत नाही, सातदा असेल तर खुद्द कर्नलची फाइल सापडत नाही. बिघडलेलं कार्ड दुसऱ्या लिनक्स संगणकात घालून तपासून दुरुस्त करता येतं, पण आधी त्याची नक्कल करून मगच. बाजारात खोटी कार्डंही असतात, वर ६४ लिहिलेलं आणि आत ८. ती ओळखायची तर कार्ड काठोकाठ भरून पुन्हा वाचून पाहायचं. त्यासाठी 'एफ-३' नावाचा मोफत प्रोग्रॅम आहे.

उष्णतेवर लोकांचा फार संशय असतो, विशेषतः आमच्या मे महिन्यात. माझ्या मते तो बराचसा अनाठायी आहे. ८० अंश सेल्सिअस ओलांडलं की पाय स्वतःच आपला वेग कमी करतो. काम रेंगाळतं, पण नुसत्या उष्णतेने पॅनिक येण्याची वेळ सहसा येत नाही. वेग वाढवण्याची हौस म्हणून कुणी आकडे बदलून ठेवले असतील तर गोष्ट वेगळी. ते आधी पूर्ववत करावेत.

राहिला प्रोग्रॅमचा दोष. तोही आमच्या वाट्याला आला. वीज सुधारल्यावर महिनाभर सगळं सुरळीत चाललं आणि मग पुन्हा पॅनिक. या वेळी मात्र तिन्ही जबान्या अक्षरशः सारख्या. म्हणजे तार नव्हे. उतरंडीत वरच एका वायफायच्या जोडणीचं नाव होतं. खोलीत वायफाय पोहोचत नाही म्हणून बाहेरून लावलेली ती दांडी आणि तिच्यासाठी वेगळा मिळवलेला ड्रायव्हर. कर्नलची नवी आवृत्ती त्याच सुमाराला आली होती आणि हा बाहेरचा ड्रायव्हर जुन्या कर्नलच्या मापाने शिवलेला. दांडी काढली, तारेने नेट जोडलं, काम भागलं. अशा वेळी दुसरा मार्ग म्हणजे कर्नलची आधीची स्थिर आवृत्ती परत बसवणं. चाचणीसाठी काढलेल्या आवृत्त्या कामाच्या यंत्रावर घालूच नयेत.

त्या जबानीत एक शब्द होता, 'टेंटेड'. लिनक्सच्या घरात न वाढलेला ड्रायव्हर आत आला की कर्नल स्वतःवर असा शिक्का मारतो. त्या मुलाने मराठी शब्द विचारला. कोशात 'दूषित' मिळेल. माझ्या तोंडी आला तो 'बाटलेला'. हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आलो आहे, कशासाठी ते माझ्या नावावरून कळेल. म्हणून या शिक्क्याचे नियम मी जरा लक्ष देऊन ऐकले. ड्रायव्हर काढून टाकला तरी शिक्का राहतो. त्यापायी कर्नल कुणाला बाहेर काढत नाही, काम अडवत नाही, फक्त जबानीत नमूद करतो, म्हणजे तपासणाऱ्याला कुठे पाहायचं ते कळावं. आणि यंत्र पुन्हा सुरू केलं की शिक्का पुसला जातो. माणसांपेक्षा बरी व्यवस्था आहे.

दूरच्या यंत्राचं काय, असा प्रश्न येतो. शेतातल्या पंपावर, गच्चीवरच्या हवामान केंद्रावर लावलेला पाय पडला तर कोण उठवणार? कर्नलला सांगून ठेवता येतं, की पॅनिक आलं तर दहा सेकंदांनी स्वतःच पुन्हा सुरू हो. आणि अगदी गोठूनच गेला तर त्यासाठी चिपमध्ये एक राखणदार असतो, वॉचडॉग. काही सेकंदांत कुणी त्याला 'जागा आहे' असं सांगितलं नाही की तो यंत्राला धक्का देऊन उठवतो. ४ जुलै १९९७ रोजी मंगळावर उतरलेल्या पाथफाइंडर यानाचा संगणक असाच पुन:पुन्हा आपोआप सुरू होत होता. नासाच्या लोकांनी पृथ्वीवरच्या त्याच्या जुळ्या यंत्रावर तसंच पडणं घडवून आणलं. कमी महत्त्वाच्या एका कामाने धरून ठेवलेल्या वस्तूसाठी जास्त महत्त्वाचं काम ताटकळत होतं, आणि वेळ चुकली की यंत्र नव्याने सुरू व्हायचं. दुरुस्ती पृथ्वीवरून पाठवली. राखणदाराने यान जिवंत ठेवलं, पण दोष सापडला तो जबानीवरून. म्हणून राखणदार नेमावा, तरी तीन तारा काढू नयेत. रोज तीनदा गुपचूप उठून बसणारं यंत्र मालकाला ठणठणीतच वाटतं.

आमच्या ४१ फितींपैकी ३३ उतरल्या आहेत. पहिल्या पॅनिकच्या रात्री गेलेली बाजू पुन्हा वाजवली. मधली काही मिनिटं आता पूर्वीपेक्षा मंद ऐकू येतात, शब्द मात्र कळतात. शाहिरांच्या पत्नीने पेनड्राइव्ह टीव्हीला लावून ऐकला, आणि डफावर साथ कोण करतंय ते नावानिशी सांगितलं. ते आम्ही फाइलींच्या नावांत लिहून घेतलं. उरलेल्या आठांपैकी दोन फिती आत चिकटल्या आहेत. त्यांची कवचं उघडून फीत दुसऱ्या कवचात भरावी लागेल. दमट हवेत ते नको, पाऊस सरल्यावर करू असं ठरलं आहे.